ब्रेकचा एक लहानसा व्हॉल्व्ह आणि आपली पुरवठा साखळी

1 फेब्रुवारी 1997 रोजी, शनिवारी पहाटे, जपानमधील कारिया येथील आयसिन सेकी या कंपनीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या जवळजवळ सर्व गाड्यांना लागणारा ‘पी-व्हॉल्व्ह’ याच कारखान्यात तयार होत असे. जोरात ब्रेक दाबल्यावर मागच्या चाकांकडे जाणारा तेलाचा दाब मर्यादित ठेवून ती चाके जाम होऊ न देणे, हे या व्हॉल्व्हचे काम. आकाराने तो सिगारेटच्या पाकिटाएवढा आणि किमतीने अगदी किरकोळ. परंतु टोयोटाकडे त्याचा साठा फार तर दोन-तीन दिवस पुरेल इतकाच असे आणि दुसरा मोठा पुरवठादार नव्हता. मंगळवारपर्यंत टोयोटाच्या जपानमधील तीसपैकी वीस असेंब्ली लाइन थांबल्या.

पुढे जे घडले, त्याचा अभ्यास पुण्याजवळच्या भोसरी-चाकण औद्योगिक पट्ट्यात खरेदी, स्टोअर्स किंवा व्हेंडर (पुरवठादार) डेव्हलपमेंटचे काम करणाऱ्या प्रत्येकाने करावा असे मला मनापासून वाटते. आयसिनने आणि टोयोटाने आपल्या ओळखीच्या कारखान्यांना हाक दिली आणि दोनशेहून अधिक कंपन्या त्या कामात उतरल्या. त्यांपैकी बासष्ट कंपन्यांनी प्रत्यक्ष व्हॉल्व्ह बनवायला घेतले. अडचण अशी होती की आयसिनकडची यंत्रे याच जॉबसाठी खास तयार केलेली होती आणि ती आगीत गेली होती, तर बाकीच्यांकडे साधी मशीनिंग सेंटर होती. ड्रॉइंग हातात आले तरी जिग, म्हणजे भाग नेमक्या जागी धरून ठेवणारे साधन, नव्हते, खास ड्रिल नव्हते, मापे तपासण्याचे गेज अपुरे होते. व्हॉल्व्हमधली निमुळती छिद्रे इतकी अचूक लागत की अंदाजपंचे काम चालण्यासारखे नव्हते. ज्याने त्याने आपल्याकडे असलेल्या यंत्रावर आपल्या पद्धतीने जिग बनवले, क्रम ठरवला, पीस काढले आणि तपासणीत नापास झालेले बाजूला टाकून पुन्हा सेटिंग केले. क्योरित्सू सांग्यो या तुलनेने लहान कंपनीने सर्वांत आधी, चौथ्या दिवशी, वापरण्याजोगे व्हॉल्व्ह दिले. शिलाई यंत्रे बनवणाऱ्या ब्रदर कंपनीने मोटारीचे सुटे भाग कधी बनवले नव्हते. तिने आपले एक मिलिंग मशीन बदलून घेऊन दिवसाला जेमतेम चाळीस व्हॉल्व्ह काढले, पण काढले. दहा दिवसांच्या आत टोयोटाचे उत्पादन जवळपास पूर्वपदावर आले.

ही घटना सांगताना ‘बघा, साठा कमी ठेवण्याचा हा परिणाम’ एवढाच निष्कर्ष अनेकदा काढला जातो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. महिनाभराचा साठा ठेवला असता तर लाइन त्या आठवड्यात थांबली नसती. मात्र हजारो प्रकारच्या भागांचा महिनाभराचा साठा ठेवायचा म्हणजे त्यात अडकणारे खेळते भांडवल, गोदामाची जागा आणि डिझाइन बदलल्यावर भंगारात जाणारा माल या सर्वांची किंमत रोज मोजावी लागते. टोयोटाला त्या आठवड्यात तारले ते आसपासच्या कारखान्यांना एकमेकांची यंत्रे, माणसे आणि कामाची पद्धत ठाऊक होती म्हणून. अनोळखी कारखान्याला ड्रॉइंग पाठवून चार दिवसांत ब्रेकचा भाग मिळत नाही.

11 मार्च 2011 रोजीच्या भूकंपाने आणि त्सुनामीने त्याच टोयोटाला दुसरी गोष्ट दाखवली. हिताचिनाका येथील रेनेसास कंपनीचा नाका कारखाना बंद पडला आणि मोटारींना लागणाऱ्या मायक्रोकंट्रोलर चिपांचा पुरवठा जगभर आटला. अनेक मोटार कंपन्यांची समजूत होती की आपले पुरवठादार वेगवेगळे आहेत, म्हणून धोका विभागलेला आहे. खाली उतरून पाहिल्यावर दिसले की थेट माल देणाऱ्या पहिल्या थरात पुरवठादार पुष्कळ, त्यांना माल देणाऱ्या दुसऱ्या थरात त्याहून अधिक, आणि तिसऱ्या-चौथ्या थरात पुन्हा सगळे रस्ते त्याच एका कारखान्याकडे वळतात. साखळीचा आकार खाली पसरत जाणाऱ्या पिरॅमिडसारखा नसून मध्ये रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळता होता.

हा आकार पाहायला जपानला जावे लागत नाही. भोसरीतल्या एखाद्या कंपनीची खरेदीची फाइल उघडावी. एका ब्रॅकेटसाठी दोन व्हेंडर नोंदलेले असतात, दोघांचे दर वेगळे, दोघांचे पीपॅप (उत्पादन सुरू करण्याआधीची भागाची मंजुरी) झालेले, आणि ऑडिटमध्ये ‘दुसरा पर्याय उपलब्ध’ या रकान्यात बरोबरची खूण. मग दोघांच्याही माल पाठवल्याच्या चलनांवर नजर टाकावी. दोघेही प्लेटिंगसाठी माल पाठवतात तो एकाच गल्लीतल्या एकाच प्लेटिंगवाल्याकडे. त्याच्या सांडपाण्याच्या परवान्याचे काही अडले, किंवा प्लेटिंगला वीज पुरवणारा त्याचा रेक्टिफायर जळाला, तर दोन्ही पर्याय एकाच दिवशी संपतात. हीट ट्रीटमेंट, फोर्जिंगच्या डाय आणि विशिष्ट ग्रेडचे स्टील या बाबतीतही असेच आढळते. म्हणून व्हेंडरांची यादी लांबवण्याआधी, लाइन थांबवू शकणाऱ्या निवडक भागांपुरता तरी, कच्च्या मालापर्यंतचा नकाशा काढला पाहिजे. हे काम एखादे सॉफ्टवेअर घेऊन होत नाही. व्हेंडरला विश्वासात घ्यावे लागते, कारण ‘तू कुणाकडून करून घेतोस’ असे विचारले की त्याला पहिली शंका येते ती त्याला वगळून थेट तिकडे जाण्याची. ती शंका निराधार नसते.

नकाशा हाती असला की साठ्याचा प्रश्नही वेगळ्या रीतीने सुटतो. 2011 नंतर टोयोटाने सरसकट साठा वाढवला नाही. चिपांसारख्या, पुन्हा मिळायला महिने लागणाऱ्या भागांचा दोन ते सहा महिन्यांचा साठा पुरवठादारांनी ठेवावा असे ठरवले. 2021 च्या सुरुवातीला चिपांचा तुटवडा पडून इतर कंपन्यांच्या लाइन थांबू लागल्या, तेव्हा टोयोटा बराच काळ तगून राहिली ती यामुळे. अर्थात तिलाही मर्यादा होती: आग्नेय आशियातील कोविडच्या लाटेमुळे त्या वर्षीच्या सप्टेंबरसाठी तिला जागतिक उत्पादनात सुमारे 40 टक्के कपात जाहीर करावी लागली. साठ्याने मुदत मिळते, आणि त्या मुदतीत करायचे काय हे आधी ठरलेले असावे लागते. दुसऱ्या व्हेंडरकडे केवळ मंजुरीचा कागद असून भागत नाही. वर्षातून काही लॉट खरोखर त्याच्याकडून घेतले, त्याच्याकडे गेज आणि जिग तयार ठेवले, तरच तो वेळेला उभा राहतो. त्याचा दर दोन रुपये जास्त असेल, तर ते दोन रुपये विम्याचा हप्ता म्हणून खर्चात धरावेत.

‘आधुनिक’ साखळी म्हणजे संगणकावर चालणारी साखळी, असा आज अर्थ घेतला जातो. तो फायदा मी नाकारत नाही. पण संगणक हाही एक पुरवठादारच आहे आणि बहुधा त्याला पर्याय ठेवलेला नसतो. 1 मार्च 2022 रोजी कोजिमा इंडस्ट्रीज या प्लास्टिकचे भाग पुरवणाऱ्या कंपनीवरील सायबर हल्ल्यामुळे टोयोटाने जपानमधील आपले सर्व 14 कारखाने एक दिवस बंद ठेवले. ऑगस्ट 2023 मध्ये तेच 14 कारखाने पुन्हा थांबले, आणि त्या वेळी कारण होते सर्व्हरच्या डिस्कवर जागा न उरणे. पुढच्या तीन दिवसांचे शेड्यूल रोज संध्याकाळी छापून किंवा वेगळ्या जागी जतन करून ठेवणे, एवढी साधी सोयही आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी दिसते.

आता ज्या मुद्द्यासाठी हे सर्व लिहायला घेतले, तो पैशाचा. कारियाच्या आगीनंतर मदतीला आलेल्या कंपन्यांनी आधी दर ठरवून घेतला नव्हता. आयसिनने नंतर त्यांचा खर्च भरून दिला, आणि टोयोटाने आपल्या पहिल्या थरातील पुरवठादारांना, त्यांनी त्या तिमाहीत टोयोटाला केलेल्या विक्रीच्या एक टक्का इतकी रक्कम आपणहून दिली. हे पैसे मिळतील याची हमी कुणाकडेही नव्हती. मागच्या अनेक वर्षांच्या व्यवहाराच्या भरवशावर माणसे रात्रभर उभी राहिली होती.

आपल्याकडे सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे 45 दिवसांच्या आत चुकते करण्याची तरतूद 2006 च्या कायद्यापासून आहे. तरीही नव्वद आणि एकशे वीस दिवस थांबणारे वर्कशॉप मालक याच पट्ट्यात भेटतात, आणि त्यातच किरकोळ कारणावरून बिलातून रक्कम कापणारी डेबिट नोट येते. एप्रिल 2024 पासून 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 43 बी मध्ये बदल होऊन, मुदतीत न दिलेली अशी रक्कम ती प्रत्यक्ष दिली जाईल त्याच वर्षीच्या खर्चात दाखवता येते; त्यामुळे मार्चअखेर धावपळ होऊन थोडे पैसे सुटतात, पण वर्षभराची सवय त्याने बदललेली नाही. ज्याचे पैसे अडकले आहेत तो बार स्टॉक, म्हणजे धातूच्या सळ्यांचा कच्चा माल, कमी ठेवतो, यंत्र लावून देणारा चांगला सेटर दुसरीकडे जाऊ देतो, गेजचे कॅलिब्रेशन पुढे ढकलतो, यंत्राची देखभाल टाळतो. ही सगळी कमतरता त्याच्या शेडमध्ये महिनोन् महिने साठत राहते आणि लाइन अडते त्या दिवशीच खरेदी विभागाला दिसते.

प्रत्येक कंपनीत महिन्याच्या महिन्याला व्हेंडर रेटिंगचा तक्ता निघतो. त्यात वेळेवर पुरवठा, रिजेक्शन, दर असे रकाने असतात. त्याच तक्त्यात त्या व्हेंडरने बिल दिल्यापासून आपण किती दिवसांत पैसे दिले हा रकाना घालावा, आणि पुरवठ्यातील धोक्यांचा आढावा घेणाऱ्या बैठकीत तो तक्ता खरेदीप्रमुखाबरोबर वित्तप्रमुखासमोरही ठेवावा.