सात जणी, चौदा नावं: माजी विद्यार्थिनी संघाच्या नोंदणीचा अनुभव

संघ नोंदवायला किमान सात जणी लागतात. संस्था नोंदणी अधिनियम १८६० ची ती अट आहे. महाराष्ट्रात तीच संस्था पुढे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही नोंदवावी लागते. दोन्ही कामं धर्मादाय कार्यालयातच होतात. सात जणी जमवणं, उद्देश लिहिणं, कॉलेजकडून जागेचं ना हरकत पत्र आणि वीजबिलाची प्रत घेणं, सगळं सुरळीत झालं. घोडं अडलं ते नावांपाशी. मुलींच्या कोणत्याही कॉलेजचा किंवा वसतिगृहाचा संघ नोंदवायला निघालात, तरी ते तिथेच अडणार, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

कॉलेजच्या रजिस्टरला माहेरचं नाव असतं. आधारवर आणि पॅनवर सासरचं. संघात जागा मिळते पहिल्या नावावर आणि कागदावरची सही धरली जाते दुसऱ्या नावाची. कॉलेजनं ‘या आमच्या माजी विद्यार्थिनी’ असं पत्र दिलं, त्यातली यादी वेगळी आणि विधानपत्राखालची, म्हणजे संघाचं नाव आणि उद्देश लिहिलेल्या मूळ कागदाखालची, वेगळी. त्रुटी निघाली: नावांत तफावत. ‘मॅडम, ही बाई तीच, हे कशावरून?’ एका टेबलावर विवाह नोंदणीचा दाखला चालेल म्हणाले, दुसऱ्यानं राजपत्र मागितलं, आणि नेमक्या कोणत्या कागदानं त्रुटी मिटेल हे लेखी द्यायला कुणी तयार नाही. पुरुषांच्या संघाला हा प्रश्न सहसा पडतच नाही, याची चीड मला अजून येते.

आमच्यातल्या ज्येष्ठ जणींची लग्नं १९७० च्या आसपासची. ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं, झालं नाव बदलून. तेच रेशनकार्डावर चढलं, तिथून मतदार यादीत, तिथून आधारवर. मधला एकही कागद नाही. विवाह नोंदणीचा दाखला काढला तरी त्यावर वधूचं लग्नापूर्वीचंच नाव असतं. त्यामुळे अमुकचं तमुकशी लग्न झालं एवढं सिद्ध होतं, पण कुमुदची वैशाली झाली हे सिद्ध होत नाही.

म्हणून आधी प्रत्येकीचं नाव कुठवर बदललं आहे ते पाहा. फक्त मधलं नाव आणि आडनाव बदललं असेल तर विवाह दाखला आणि प्रतिज्ञापत्र पुरतं. पहिलं नावही बदललं असेल तर वाद घालण्यात वेळ घालवू नका, राजपत्रात नावबदल छापून घ्या. अर्ज ऑनलाइन होतो. छापून आल्यावर नुसत्या नावाच्या ओळीचं कात्रण ठेवू नका, तारखेसकट पूर्ण पान उतरवून घ्या. जुन्या लग्नाची नोंदणी आजही करता येते, पण नवरा हयात नसेल तर त्या खटाटोपात पडू नका, सरळ राजपत्राचा रस्ता धरा.

प्रतिज्ञापत्रात दोन्ही पूर्ण नावं, जन्मतारीख, उत्तीर्ण झाल्याचं वर्ष आणि ‘ही दोन्ही नावं माझीच’ हे स्पष्ट वाक्य हवं. सोबत शाळा सोडल्याचा दाखला. नोटरी करताना जादा प्रती करून घ्या, पुढे बँक तेच मागते. गाडं खऱ्या अर्थानं हललं ते कॉलेजनं पत्र बदलून दिल्यावर: प्रत्येकीचं आजचं नाव, पुढे ‘पूर्वाश्रमीच्या’ लिहून माहेरचं नाव, मग वर्ष. विधानपत्र, संमतीपत्र, अधिकारपत्र, नियमावली, सगळीकडे हाच क्रम ठेवा. आधारवर मधलं नाव पूर्ण असेल तर नुसतं आद्याक्षर चालवून घेऊ नका. आणि ‘सौ.’ गाळा. सगळ्यांना ‘श्रीमती’ लावा. कोण विवाहित, कोण विधवा, कोण घटस्फोटित, हे संघाच्या कागदावर यायचं कारणच नाही.

एक सोपी वाट आम्हाला सुचवली होती: ज्यांची नावं बदललेली नाहीत अशाच सात जणी संस्थापक घ्या, बाकीच्या नंतर येतील. घाई असेल तर ती वाट बरोबर आहे. मला ती पटली नाही. ज्यांनी पत्ते शोधून शोधून मैत्रिणी एकत्र आणल्या, त्यांचीच नावं पहिल्या पानावर नसावीत, आणि तीही लग्न झालं म्हणून? सातही जणी त्याच राहिल्या, आणि नोंदणी झालेल्या विधानपत्रावर त्यांची दोन्ही नावं वाचताना मला फार अभिमान वाटला.

सभासद नोंदवहीचे रकाने पहिल्या दिवसापासून असे ठेवा: कॉलेजमधलं पूर्ण नाव, आजचं पूर्ण नाव, वर्ष, शाखा, वसतिगृहाची खोली, गाव, फोन, आणि फोन इतरांना दिलेला चालेल का. यादी कॉलेजमधल्या नावानं लावा. मैत्रीण शोधणारी त्याच नावानं शोधते. संघाचं नाव रोमन लिपीत कसं लिहायचं तेही नियमावलीतच ठरवा, नाहीतर पॅनवर एक आणि बँकेत दुसरं होतं.

नंबर उघड होतो म्हणून कित्येक जणी व्हॉट्सअॅप ग्रुपवर येत नाहीत. वर्षवार छोटे ग्रुप करून ते एका कम्युनिटीत जोडा. तिथल्या घोषणांच्या ग्रुपमध्ये सभासदांना एकमेकींचे नंबर दिसत नाहीत. वार्तापत्रासाठी ‘बातम्या पाठवा’ म्हटलं तर कुणी पाठवत नाही. प्रत्येक वर्षाची एक प्रतिनिधी नेमा आणि तिनं फोन करून विचारायचं: कुठे असतेस, काय करतेस, कुणाचं काही कळलं का. चार ओळी पुरेत. निधनाची बातमी घरच्यांशी बोलल्याशिवाय छापू नका. ज्येष्ठांसाठी मोठ्या अक्षरांत कागदी प्रत काढा.

कॉलेजांना दर्जा देणाऱ्या ‘नॅक’ या संस्थेच्या मूल्यमापनात नोंदणीकृत माजी विद्यार्थी संघाबद्दल विचारतात, त्यामुळे कॉलेजला घाई असते. त्या भरात नियमावलीत सगळे अधिकार प्राचार्यांकडे जाणार नाहीत हे बघा. लेखापरीक्षण दरवर्षी करावं लागतं. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा, आणि नव्या सभासदांची नावंही वरच्याच क्रमानं लिहायची.

परदेशातल्या मैत्रिणी उत्साहानं पैसे पाठवायला निघतात. भारतीय पासपोर्ट असलेलीनं स्वतःच्या कमाईतून दिलेली देणगी घेता येते. तिकडचं नागरिकत्व घेतलेलीची देणगी मात्र परदेशी ठरते, अगदी रुपयांत दिली तरी. परकीय देणगी कायद्याखाली नोंदणी नसेल तर ती घेऊ नका. देणगीच्या अर्जावर नागरिकत्वाचा रकाना ठेवा.