ईजीआर बंद न करता साफ केला: माझा अनुभव

सकाळी साडेआठला ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या कासारवडवलीहून निघालं की माजिवड्याच्या पुलापर्यंत गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वर क्वचितच जाते. इंजिनावर लोड नाही, आरपीएम हजार-बाराशे. डिझेल गाडीचा ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारी झडप, नेमका याच अवस्थेत सर्वात जास्त उघडा असतो. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, तो बंद करतो. म्हणून नाशिक हायवेला पळालेली लाखभर किलोमीटरची गाडी आणि घोडबंदर रोडवर सरपटलेली तेवढ्याच किलोमीटरची गाडी यांचे इनटेक (हवा आत नेणारे मार्ग) उघडून शेजारी ठेवले, तर एकाच मॉडेलचे आहेत यावर विश्वास बसत नाही.

माझी गाडी १२४८ सीसीची, बीएस-४, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नसलेली. तक्रारी नेहमीच्याच: आयडलिंगला हलका धक्का, १८०० आरपीएमच्या खाली पिकअप मेलेला, पुलाच्या चढावर आरशात काळा धूर, आणि शेवटी चेक इंजिनचा दिवा. स्कॅनरवर कोड पी ०४०४, म्हणजे ईजीआर व्हॉल्व्ह सांगितल्याप्रमाणे हलत नाही. दोन गॅरेजमध्ये विचारलं, दोन्हीकडे एकच सल्ला: ‘प्लेट टाकून बंद करून घ्या, परत कटकट नको.’

प्लेट टाकणं म्हणजे व्हॉल्व्ह आणि पाईपच्या मध्ये पत्र्याचा तुकडा बसवून एक्झॉस्टचा रस्ताच बुजवणं. काम अर्ध्या तासाचं आणि धूर खरंच कमी होतो, म्हणून लोक भुलतात. पण ईजीआर धुरासाठी नाहीच. ऑक्सिजन कमी झालेला एक्झॉस्ट पुन्हा सिलिंडरमध्ये घेतला की ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि पीयूसीलाही सापडत नाहीत. डिझेलच्या पीयूसीत फक्त धुराची दाटी मोजतात. बीएस-४ साठी मर्यादा १.६२ प्रति मीटर. त्यामुळे प्लेट टाकलेली गाडी पीयूसीत उलट चांगले आकडे देते आणि मालक खूश होतो. कायद्याच्या नजरेत मात्र हा मूळ रचनेत केलेला बदल आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय तीन महिने लायसन्स बाद. हे सगळं बाजूला ठेवलं तरी ईसीयू गप्प बसत नाही. व्हॉल्व्ह उघडूनही हवेचा आकडा उतरला नाही की तो पी ०४०१ (ईजीआरचा प्रवाह अपुरा) हा कोड टाकतो. मग तो गप्प करायला रीमॅप, म्हणजे ईसीयूचं प्रोग्रॅमिंग बदलणं, म्हणजे खर्च वाढत जाणार. थंड इंजिनाची खडखड वाढते ती वेगळीच.

तर साफ करायचं ठरलं. पण पाना हातात घेण्याआधी एक तास स्कॅनरला दिला, आणि माझ्या मते सगळ्या कामात तोच तास सर्वात महत्त्वाचा.

ब्लूटूथचा साधा ईएलएम ३२७ स्कॅनर पुरतो. बघायचे आकडे तीन: ईजीआर कमांड (व्हॉल्व्ह किती उघडायला सांगितलाय), ईजीआर एरर (सांगितलेलं आणि झालेलं यातला फरक) आणि मास एअर फ्लो किंवा एमएएफ (दर सेकंदाला इंजिनात शिरणाऱ्या हवेचं वजन). गणित सोपं आहे. १२४८ सीसी भागिले चार म्हणजे एका सिलिंडरला ३१२ सीसी. आपल्याकडच्या हवेत त्याचं वजन साधारण ३६० मिलिग्रॅम. भरतं त्याच्या ८५ टक्के, म्हणजे ३०० च्या आसपास. ८५० आरपीएमला सेकंदाला २८ वेळा सिलिंडर भरतो. म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण बंद असताना आयडलिंगला ८ ते ९ ग्रॅम प्रतिसेकंद हवा दिसली पाहिजे. व्हॉल्व्ह उघडला की त्या हवेची जागा एक्झॉस्ट घेतो आणि आकडा उतरतो. बऱ्याच गाड्यांत आयडलिंग लांबलं की ईसीयू व्हॉल्व्ह आपणहून बंद करतो. तो क्षण पकडायचा. माझ्याकडे कमांड शून्यावर आली तरी आकडा ५.६ वरून हलेना. म्हणजे व्हॉल्व्ह बंदच होत नव्हता, मध्ये काहीतरी अडकलं होतं.

एरर ९९.२ टक्के दिसला म्हणून घाबरू नका. एरर काढताना कमांडने भागतात. कमांड शून्य असेल तर भागाकार होत नाही आणि व्हॉल्व्ह केसभर उघडा असला तरी हाच ठरावीक आकडा येतो.

आणखी दोन गोष्टी उघडण्याआधीच बघितल्या. एक, कूलंटची पातळी. ती उतरत असेल आणि सकाळी पांढरा धूर येत असेल तर ईजीआर कूलर आतून फुटलेला असू शकतो. मग साफसफाई करून उपयोग नाही. दुसरी, इंजिनाचं तापमान. अर्ध्या तासानंतरही ते ७० अंशांच्या पुढे जात नसेल तर थर्मोस्टॅट उघडा राहिलाय. थंड इंजिन जास्त काजळी करतं, आणि साफ केलेला व्हॉल्व्ह वर्षभरात पुन्हा तुमच्यासमोर येतो.

सामान: ५०० मिलीचे कार्ब क्लीनरचे दोन कॅन, वेगळा एमएएफ क्लीनर, नवी धातूची गॅस्केट, जुने टूथब्रश, आईस्क्रीमच्या काड्या, नायट्राइलचे हातमोजे, मास्क, चष्मा. गॅस्केट आधी हातात येऊ द्या, मगच उघडा. रविवारी दुपारी गाडी उघडी पडलीय आणि वागळे इस्टेटची दुकानं बंद, हा प्रसंग टाळता येतो.

बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं. इथे घाई केली तर बोल्ट इंजिनाच्या हेडमध्येच तुटतो, आणि दोन तासांचं काम लेथवाल्याकडे जाऊन दोन दिवसांचं होतं. तुटण्याचं कारण असं की बोल्ट पोलादी, बॉडी अॅल्युमिनियमची आणि वर्षानुवर्षांची उष्णता. दोन्ही एकमेकांना धरून बसतात. बोल्ट करकरला की जोर वाढवायचा नाही. पाव फेरा सैल, परत थोडा आवळा, तेल, पुन्हा सैल. असं करत एका बोल्टला वीस मिनिटं गेली.

इंजिन पूर्ण थंड, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली. माझ्या गाडीत एअर फिल्टरचा डबा आणि बॅटरी बाजूला केल्याशिवाय व्हॉल्व्ह दिसत नाही. कनेक्टरची क्लिप उष्णतेने बिस्किटासारखी ठिसूळ झालेली असते. स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, अंगठ्याने दाबूनच सोडवा. काही गाड्यांत व्हॉल्व्हमधून कूलंटही जातं. दोन जाड रबरी पाईप लागलेले दिसले तर खाली ट्रे ठेवा.

व्हॉल्व्ह बाहेर आला तेव्हा तोंड जेमतेम करंगळीएवढं उरलं होतं. एक्झॉस्टच्या बाजूला कोरडी, तव्याच्या बुडासारखी काजळी. इनटेकच्या बाजूला मात्र डांबरासारखा चकचकीत कीट. फरकाचं कारण तेल. क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या तळातून, येणारी तेलाची वाफ इनटेकमध्ये शिरते, तिथे काजळीला भेटते आणि दोघं मिळून हा लगदा होतो. झडप आणि तिच्या बैठकीच्या मध्ये तांदळाच्या दाण्याएवढा कडक खडा अडकला होता. पी ०४०४ तो हाच.

साफ करताना मोटरची बाजू कायम वर धरायची, म्हणजे क्लीनर ओघळून इलेक्ट्रॉनिक्समध्ये जात नाही. अख्खा व्हॉल्व्ह रॉकेलच्या डब्यात बुडवून ठेवणारे लोक मी बघितलेत. त्यातले बरेच नंतर नवा घेतात. फवारा, दहा मिनिटं थांबा, काडीने खरवडा, ब्रश, पुन्हा फवारा. असे पाच-सहा फेरे. झडपेच्या बैठकीवर तारेचा ब्रश किंवा पत्री नको, ओरखड्यातून गळती होते. कॉस्टिक सोडा तर अजिबात नको, तो अॅल्युमिनियम खातो. झडप मोकळी झाली का हे बघायला पेचकसाने ढकलू नका; आत प्लॅस्टिकचे दाते असतात. बोटाने हलकं दाबून सोडलं की स्प्रिंगने ती पूर्ण मागे यायला हवी.

गाडीकडच्या तोंडातली काजळी काढताना व्हॅक्यूम क्लीनरची नळी शेजारी धरली आणि पुढच्या रस्त्यात फडकं कोंबलं. फडकी मोजून घ्या, मोजून काढा. फडकं आत विसरून सुरू केलेलं इंजिन फार वेळ चालत नाही. इनटेकमधला दाब मोजणारा मॅप सेन्सरही काढून पुसला. त्याचं टोक काजळीने बुजलेलं होतं. हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरला कार्ब क्लीनर लावायचा नाही, त्याची नाजूक फिल्म जाते. म्हणून वेगळा कॅन. आणि चालू इंजिनाच्या इनटेकमध्ये स्प्रे मारून ‘न खोलता सफाई’ करण्याच्या फंदात पडू नये. डिझेल इंजिन मिळेल ते जाळतं. सॉल्व्हंटवर ते सुसाट सुटलं तर चावी बंद करूनही थांबत नाही.

ही काजळी निरुपद्रवी नाही. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ साली कर्करोगकारक ठरवलंय, तेव्हा मास्क उतरवू नका. उरलेलं काळं पाणी सोसायटीच्या गटारात सोडलं तर ते शेवटी खाडीतच जातं, फ्लेमिंगोंच्या ताटात. मी ते लाकडाच्या भुश्श्यात शोषून, पिशवीत बांधून जुन्या ऑइलच्या कॅनसोबत गॅरेजमध्ये दिलं.

बसवताना गॅस्केट कोरडीच. वर सिलिकॉनचा लेप दिला तर तो जळतो आणि तिथूनच फुसफूस सुरू होते. १० चा पाना लागणारे एम-६ बोल्ट ८ ते १० न्यूटन मीटर, एम-८ असतील तर २० ते २५. अंदाजाने आवळून अॅल्युमिनियमचे आटे घालवू नका. बॅटरी जोडली, स्टार्ट न करता इग्निशन अर्धा मिनिट ऑन ठेवलं. व्हॉल्व्ह आपली दोन टोकं शोधतो, त्याची बारीक गुरगुर ऐकू येते. काही गाड्यांत हे स्कॅनरमधून शिकवावं लागतं. मग कोड पुसला.

पहिल्या स्टार्टला इंजिन थोडं अडखळलं आणि काळा भपका आला. सुटलेली काजळी जाते ती. व्हॉल्व्ह बंद असताना हवा ८.४, उघडा असताना ५.९. पुढचा शनिवार भिवंडी बायपासवरून कसाऱ्यापर्यंत तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये २५०० च्या वर गाडी पळवली आणि परत आल्यावर गॅस्केटच्या कडेला बोट फिरवलं. बोट स्वच्छ. तिथे काळी रेघ उमटली असती तर पुन्हा सगळं उघडावं लागलं असतं.

आता दर दुसऱ्या महिन्याला तोच ८.४ चा आकडा बघतो. तो ७.५ च्या खाली आला की, दिवा लागायची वाट न बघता, गॅस्केट मागवायची.