निराश करणाऱ्या एअर रायफली : मांगरातील पावसाळी नोंदी

मृग लागला की मालवणजवळच्या आमच्या वाडीत उघड्यावर नेमबाजी करण्याचा प्रश्नच उरत नाही, म्हणून गेली चार वर्षे मी पावसाळ्यापुरती मांगरातच, म्हणजे शेतावरच्या खोपीतच, १० मीटरची जागा आखून घेतो. निशाणामागे जुन्या गोणपाटांनी ठासून भरलेली लाकडी पेटी असते आणि पेटीच्या पाठीला जाड लोखंडी पत्रा ठोकलेला आहे. जांभ्याच्या भिंतीवर आदळलेला छर्रा कोणत्या दिशेने परत येईल याचा भरवसा नसतो. त्यामुळे डोळ्यांवर चष्मा चढवल्याशिवाय बार काढायचा नाही, हा नियम मुलांइतकाच मलाही लागू आहे. यंदा या मांगरात माझ्या रायफलीखेरीज आणखी तीन रायफली आल्या आणि तिन्हींच्या मालकांचे म्हणणे एकच होते, की पैसे पाण्यात गेले.

सर्वांत रंजक रायफल शेजारच्या आबांची. काजूच्या बागेत वानरांचा उपद्रव फार वाढला, तेव्हा आवाजाने ते पळतील या आशेने त्यांनी ती घेतली होती. वानर हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित प्राणी असल्यामुळे त्याच्यावर छर्रा झाडायचा नाही, हे त्यांना ठाऊक होते. परंतु छर्‍याच्या बंदुकीचा आवाज तो केवढा? वानरांनी एकदा मान वळवून पाहिले आणि पुन्हा काजूकडे लक्ष दिले. पुढे कोणीतरी सांगितले म्हणून आबांनी हवेच्या छिद्रातून खोबरेल तेलाचे थेंब सोडले, आणि त्यानंतरचा बार धुरासह असा दणक्यात झाला की हाच उपाय असे समजून ते दोन हंगाम तेल घालत राहिले.

त्या दणक्याचे कारण सोपे आहे. चाप ओढल्यावर स्प्रिंग दट्ट्याला पुढे लोटते, दट्ट्यासमोरची हवा क्षणात दाबली जाऊन अतिशय तापते, आणि तिच्यात तेलाचा अंश असेल तर तो ठिणगीवाचून पेट घेतो. डिझेल इंजिनात इंधन पेटते ते याच तत्त्वाने, म्हणून आपण शौकीन मंडळी या प्रकाराला डिझेलिंगच म्हणतो. दर बाराला किती तेल जळेल याचा नेम नसल्याने छर्‍याच्या वेगाचाही नेम राहत नाही. वेगमापकावर मी १० बार घेतले, तर वेग सेकंदाला १४८ मीटरपासून २२१ मीटरपर्यंत पसरलेले निघाले. केवळ एवढ्या फरकाने १० मीटरवर छर्रा सुमारे १२ मिलिमीटर वर-खाली होतो, आणि आंतरराष्ट्रीय निशाणावरील नऊ गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा ५.५ मिलिमीटर आहे. शिवाय वानरांची वाट पाहत आबा रायफल दुपारभर ताणून ठेवत असत, त्यामुळे स्प्रिंगही थकलेली होती. शिकंज्यात धरून रायफल उघडली, तेव्हा दट्ट्याचा वॉशर कडेने करपलेला आणि आतला भाग चिकट काजळीने माखलेला आढळला. सफाई करून नवा वॉशर बसवल्यावर वेग १५२ ते १५८ यांच्या दरम्यान स्थिरावला.

दुसऱ्या रायफलीच्या मालकाची निराशा खोक्यावर छापलेल्या आकड्यातून जन्मली होती. सेकंदाला १००० फूट, म्हणजे सुमारे ३०५ मीटर, असे त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते. अर्ध्या ग्रॅमच्या शिशाच्या छर्‍याला तेवढा वेग द्यायचा, तर त्याची ऊर्जा २३ ज्यूलच्या पुढे जाते. आणि शस्त्र नियम, २०१६ नुसार परवान्याविना मिळणाऱ्या एअर रायफलीला ४.५ मिलिमीटर व्यासाची आणि २० ज्यूल ऊर्जेची मर्यादा आहे. असले आकडे बहुधा अतिशय हलक्या मिश्रधातूच्या छर्‍यावर मोजलेले असतात. माझ्याकडे या रायफलीने १७० मीटर वेग दिला, म्हणजे साधारण ७ ज्यूल, आणि कागदावर भोके पाडण्यासाठी तो पुरेसा आहे. मी त्यांना हा हिशेब कागदावर मांडून दाखवला. पटला, पण आनंद झाला नाही.

तिसरी रायफल भाच्याच्या मित्राची. घाटापलीकडच्या कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवल्यापासून या मुलाला नेमबाजीचे वेड लागले आहे. (ते पदक ५० मीटर रायफलीचे होते, एअर रायफलीचे नव्हे, उत्साहाला असले भेद दिसत नाहीत.) टीव्हीवर पाहिल्याप्रमाणे तो रायफल घट्ट आवळून धरत होता आणि पाच छर्‍यांचा पुंजका, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पसारा, ४८ मिलिमीटर पडत होता. स्पर्धेतल्या रायफलींत आधीच दाबून भरलेली हवा असते, त्यामुळे त्यांना धक्का जवळजवळ नसतो. स्प्रिंगची रायफल मात्र छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच एकदा मागे व मग पुढे हिसका देते, आणि आवळून धरल्यास तो हिसका दर वेळी निराळ्या दिशेला वळतो. मी त्याला पुढचा हात उघडा ठेवून दस्ता तळव्यावर नुसता टेकवायला सांगितले, आणि सोनाराच्या काट्यावर छर्रे तोलून सारख्या वजनाचे वेगळे काढून दिले. एकाच डबीत ०.४६ ग्रॅमपासून ०.५३ ग्रॅमपर्यंतचे छर्रे सापडले! आठवडाभरात पुंजका १९ मिलिमीटरवर आला.

खरोखर सदोष निघाली ती माझीच. तिचा पुंजका कोणत्याही धरण्याने आणि कोणत्याही छर्‍याने ६० मिलिमीटरच्या आत येत नव्हता, आणि विक्रेत्याने हात बसला की नेम बसेल एवढेच उत्तर दिले. नळीच्या सांध्यावर पातळ कागदाची चिंधी ठेवून बार काढला, तर ती हलली नाही, म्हणजे हवा गळत नव्हती. मग कापूस लावलेली काडी नळीच्या तोंडाशी फिरवल्यावर एका बाजूला कापसाचे तंतू अडकले. तेथे धातूची बारीक कूस राहून गेली होती. गोल डोक्याच्या पितळी स्क्रूला पॉलिशची लुकण लावून ती हलक्या हाताने घासल्यावर पुंजका ३४ मिलिमीटरपर्यंत आला आहे. अजून समाधान नाही. खाऱ्या हवेने नळीवर उमटणारे गंजाचे ठिपके ही निराळीच कटकट. रोज तेलाच्या फडक्याने नळी पुसणे आणि दस्त्याचे स्क्रू आठवड्यातून एकदा तपासणे चालू आहे.

आबांची रायफल मी गेल्या रविवारी पोहोचवली. त्यांनी खळ्यात उभे राहून एक बार काढला, नळीकडे पाहिले, "हिचो आवाज खंय गेलो रे?" असे विचारले, आणि संध्याकाळी ती परत माझ्या मांगरात आणून ठेवली.