पलंगाखालचा श्वासमापक: चारही लोडसेल एकत्र जोडू नका

अंगाला काहीही न लावता झोपेतला श्वास मोजायचाय, म्हणून पलंगाच्या चार पायांखाली लोडसेल, म्हणजे भाराचा विद्युत संकेत करणारे सेन्सर. सामान थोडंच: ५० किलोचे चार हाफ-ब्रिज सेल (तीन वायरींचे, आत दोन रोधक), त्यांचा बारीक संकेत वाढवून आकड्यांत देणारे दोन एचएक्स७११ बोर्ड, आणि ते आकडे वाचणारा वायफायवाला मायक्रोकंट्रोलर, एक ईएसपी३२.

घरगुती वजनकाट्यासारखे चारही सेल एकाच ब्रिजमध्ये, म्हणजे सगळ्यांची बेरीज देणाऱ्या एकाच सर्किटमध्ये जोडले, तर श्वास जवळजवळ दिसेनासा होतो. श्वास घेताना वजन बदलत नाही, त्याची वाटणी बदलते. श्वासपटल खाली उतरतं, पोटातले अवयव पायांकडे सरकतात. समजा २ किलो वस्तुमान १ सेंमी सरकलं आणि पलंगाच्या पायांत २ मीटर अंतर आहे, तर उशाकडचा १० ग्रॅम भार पायथ्याकडे जातो. बेरजेत शून्य, वजाबाकीत २० ग्रॅम! म्हणून उशाकडचे दोन सेल एका बोर्डाला, पायथ्याकडचे दोन दुसऱ्याला. दोन्ही बाजू माहीत असलेल्या वजनाने कॅलिब्रेट करायच्या आणि वजाबाकी कोडमध्ये करायची.

वायरींच्या रंगांवर विसंबू नका. मल्टिमीटरने ज्या दोन वायरींत सर्वांत जास्त रोध येतो, साधारण २ किलोओहम, ती टोकं, उरलेली मधली. जोडल्यावर एका बोर्डाचे दोन्ही सेल आळीपाळीने दाबा. आकडे उलट दिशांना गेले, तर एका सेलची टोकं अदलाबदल करा. सेलची कड होल्डरवर टेकलेली आणि मधली जीभ वाकायला मोकळी हवी. सपाट फरशीवर नुसता ठेवलेला सेल काहीच सांगत नाही. पलंगाचा माथा भिंतीला टेकला, तर तिथून भार निसटतो.

कोडमध्ये दोन जागा जपायच्या. वाचनाचे ठोके देणारी क्लॉक पिन ६० मायक्रोसेकंदांहून जास्त हाय राहिली की एचएक्स७११ झोपी जातो, आणि वायफायचे इंटरप्ट, म्हणजे चालू काम मध्येच थांबवणारे संकेत, नेमके तेच घडवतात. वाचन क्रिटिकल सेक्शनमध्येच, म्हणजे इंटरप्ट रोखलेल्या कोडमध्येच ठेवा. शिवाय चिपची १० नमुने प्रतिसेकंद ही गती नाममात्र असते. ती खरोखर ११ असेल आणि कोडने १० धरली, तर मिनिटाला १५ श्वास १३.६ दिसतील. प्रत्येक नमुन्याला वेळेचा शिक्का हवाच.

पुढे बाकीच्या लहरी गाळणारा ०.१ ते ०.६ हर्ट्झचा बँडपास फिल्टर, ३० सेकंदांची खिडकी (एका वेळी तपासायचा तुकडा), आणि ऑटोकोरिलेशन, म्हणजे संकेत स्वतःशीच थोडा सरकवून किती जुळतो ते पाहणं. एफएफटीला, म्हणजे संकेतातल्या वारंवारता वेगळ्या करणाऱ्या गणिताला, एवढ्या खिडकीत मिनिटाला २ श्वासांपेक्षा बारीक फरक कळत नाही. ऑटोकोरिलेशनचं सर्वांत उंच शिखर घेऊ नका, ०.५ ओलांडणारं पहिलं घ्या (पूर्ण जुळणी म्हणजे १). दुप्पट कालावधीवरही शिखर येतं, आणि ते धरलं तर दर निम्मा दिसतो. कूस बदललेली खिडकी सरळ रिकामी सोडा, फिल्टर शांत व्हायला लागणारी पुढची सुमारे १० सेकंदंही. रिकामी जागा खोट्या आकड्यापेक्षा कितीतरी बरी.

हे यंत्र हालचाल मोजतं, हवा नाही. घसा बंद होऊन श्वास अडकला, तरी छाती-पोट धडपडत राहतं आणि आलेखावर लाट दिसते. स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास वारंवार थांबण्याची शंका असेल, तर या आलेखावर निर्णय घेऊ नका, डॉक्टरांकडे जा.