हरबाचं पथ्यपाणी

पालक नाही, टोमॅटो नाही, काकडी नाही, केळं तर नाहीच नाही. वरणभात, पोळी, दूध यांचा प्रश्नच येत नाही. हर्बर्टच्या पथ्याची ही यादी मी आईला फोनवर वाचून दाखवली तेव्हा पलीकडे काही क्षण शांतता होती. मग ती म्हणाली, "अगं, मग खातो काय तो बिचारा? गवत?"

जवळजवळ गवतच.

हर्बर्ट हे हर्मन जातीचं कासव. मूळ मुलूख भूमध्य समुद्राकाठचा: इटली, ग्रीस, बाल्कनमधले उन्हाने भाजलेले, झुडपांचे उतार. इंग्लंडात ही कासवं एके काळी ढिगाने विकायला यायची. १९८४ साली युरोपने त्यांची व्यापारी आयात बंद केली. हर्बर्ट त्याआधी आलेला, म्हणजे वयाने माझ्याहून मोठा असण्याची शक्यता बरीच. बेसिंगस्टोकला आमच्या शेजारी राहणाऱ्या आजी लेकीकडे राहायला गेल्या आणि जाताना त्याला आमच्या पदरात घालून गेल्या. आईने बारामतीहून पहिल्याच दिवशी त्याचा हरबा केला. (भारतात हे घडलं नसतं आणि ते योग्यच आहे. आपल्याकडची चांदण्यांच्या नक्षीची देखणी कासवं १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, ती घरात पाळणं गुन्हा. देवळात गाभाऱ्यासमोर असतं ते दगडी नि वास्तूसाठी ठेवतात ते पितळी, एवढ्यावरच भागवावं.)

आजींच्या हाताखाली हरबा दुधात भिजवलेला पाव आणि टोमॅटो खायचा. जुन्या इंग्रज घरांत कासवाला हेच घालत. "तरी जगलाच की इतकी वर्षं," असं आमच्या घरातल्या एका सदस्याचं म्हणणं. त्यांना स्वतःलाही संध्याकाळी चहाबरोबर खारी लागते, त्यामुळे हे मत निःपक्षपाती धरता येत नाही. जगला हे खरं. पण कासव चुकीच्या जेवणाची तक्रार दहा वर्षांनी करतं आणि तीही पाठीवर लिहून. कवच मऊ राहतं किंवा वाकडं वाढतं, चोच वाजवीपेक्षा लांब होते. तोपर्यंत खाऊ घालणाऱ्याला वाटत असतं, किती आवडीने खातोय!

गंमत अशी की, आपण ज्याला पौष्टिक म्हणतो ते सगळं या प्राण्यापुढे नापास होतं. त्याला जेवणात फॉस्फरसच्या निदान दुप्पट कॅल्शियम लागतं. केळ्यात हिशेब उलटा, कॅल्शियमच्या जवळजवळ चौपट फॉस्फरस. पालकात कॅल्शियम भरपूर, पण त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल ते धरून ठेवतं, पोटाला मिळू देत नाही. कडधान्यांत प्रथिनं जास्त. कोबी-फ्लॉवरचं कुटुंब रोज दिलं तर थायरॉइडच्या वाटेला जातं. फळांची साखर त्याच्या आतड्यात आंबते, कारण तिथले जिवाणू चोथा पचवायला नेमलेले असतात. सगळ्याच कासवांचं असं नसतं. दक्षिण अमेरिकेतली लाल पायांची कासवं रानातली पडलेली फळं मजेत खातात. हरबाच्या पूर्वजांना मात्र खडकाळ जमिनीवर जे तगलं तेच मिळालं. चोथट, कडवट, खरखरीत.

म्हणजे तण. डँडेलियनची पानं आणि पिवळी फुलं, सो-थिसल, मॅलो, थोडं क्लोव्हर, आणि रिबवर्ट प्लँटेन, म्हणजे इसबगोलाची इथली चुलत बहीण. गुलाबाच्या पाकळ्या चालतात. जास्वंदीची पानं-फुलं तर फार चालतात, पण इथल्या थंडीत जास्वंद कुंडीत जगवायची म्हणजे कासवाआधी तिचंच पथ्य सांभाळावं लागतं. तुतीचा पाला उत्तम, द्राक्षवेलीचाही. हे काही नवं संशोधन नाही. आमच्याच हॅम्पशायरमधल्या सेल्बोर्न गावी अठराव्या शतकात गिल्बर्ट व्हाइट नावाचा पाद्री होता, निसर्गाच्या बारीक नोंदी ठेवणारा. त्याच्या आत्याकडे टिमथी नावाचं कासव होतं, ते १७८०मध्ये त्याच्याकडे आलं. त्याने एका पत्रात लिहून ठेवलंय की लेट्यूस, डँडेलियन, सो-थिसल असल्या चीक येणाऱ्या वनस्पती त्याला सगळ्यात प्रिय. टिमथी मादी होती हे ती गेल्यावर कळलं. तिचं कवच लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. जेवणाची नोंद मात्र व्हाइटने पहिल्या फटक्यात बरोबर केली होती.

आई उन्हाळ्यात राहायला आली तेव्हा तिला बागेत पाऊल टाकताच हे पटलं. सो-थिसलचं एक पान तिने तोडलं, देठातून पांढरा चीक आला, आणि ती म्हणाली, "ही तर पाथरीच्या घरातली." खरंच आहे ते. रानात उगवणारी पाथरी, पिठलं-भाकरीबरोबर कच्ची खातात ती, त्याच कुळातली. मी वर्षभर मोबाइलवर फोटो ताडून पाहत होते, तिने चीक पाहून सांगितलं. पुढच्या आठवड्यात तिला पलीकडच्या भाजीच्या वाफ्यांत चाकवत सापडला. इथे तो तण म्हणून उपटून टाकतात. तिने ओटाभर गोळा केला आणि विचारलं, हरबाला? मी म्हटलं नको, त्यातही ऑक्झॅलिक आम्ल असतं, एखादं पान ठीक. मग ताक घालून पातळ भाजी झाली आणि ती माणसांनी खाल्ली. मला वाटतं, त्या दिवशी तिचं हरबाशी खरं जमलं, कारण त्याच्या वाटचं आपल्याला मिळालं होतं.

जमलं नाही ते आग्रहाच्या बाबतीत. हरबाच्या पाठीएवढा पाल्याचा ढीग, हे त्याचं रोजचं ढोबळ माप. आईला ते माप म्हणजे अपमान वाटायचा. "अजून बघतोय बघ," असं म्हणत ती हळूच पुढे एक मूठ सरकवायची. तो बघतो हे खरंच, पण कासव प्रत्येक पिवळ्या वस्तूकडे असंच बघतं, माझ्या चपलेकडेसुद्धा. रानात त्याला दोन घासांसाठी बरंच चालावं लागतं. इथे ताट समोर येतं, तेव्हा हात आपणच आखडायचा. महिन्यातून एकदा त्याला स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर ठेवून आकडा लिहून ठेवते. आईला या वहीचं नवल वाटलं, "माझ्या साखरेची अशी वही ठेवलीस का कधी?"

एकच पाला रोज घालून चालत नाही, कारण कुठल्याच एका झाडात सगळं नसतं. शिवाय कासव हटवादी. एका चवीला चटावलं की बाकी सगळ्याला तोंड फिरवतं. आमच्या घरच्या एक्सेल-तज्ज्ञांनी सात दिवसांचा रंगीत तक्ता केला होता. सोमवारी मॅलो, मंगळवारी प्लँटेन. तो तक्ता पावसात वाहून गेला म्हणायला हरकत नाही, कारण बागेत सोमवारी काय उगवेल ते बाग ठरवते. आता जे मिळेल ते चार-पाच प्रकारचं एकत्र बारीक चिरते, म्हणजे हरबाला पिवळी फुलं तेवढी वेचता येत नाहीत. वरून कॅल्शियमची पूड चिमूटभर. कोपऱ्यात समुद्रफेन पडलेलं असतं, लहर लागली की तो ते कुरतडतो. सकाळी आधी ऊन, मग जेवण. अंग तापल्याशिवाय त्याला भूकही लागत नाही आणि पचतही नाही. उन्हातल्या अतिनील किरणांवरच त्याचं डी-३ जीवनसत्त्व अवलंबून, ते नसेल तर पोटातलं कॅल्शियम वायाच. इथलं ऊन बेभरवशाचं, म्हणून दिवा लावावा लागतो.

पाठीवर उंचवटे येतात त्याचा सगळा दोष पूर्वी प्रथिनांना देत. २००३मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांनी आफ्रिकी कासवांची पिल्लं वाढवून पाहिली, तर कोरड्या हवेचा परिणाम जेवणापेक्षा जास्त निघाला. त्यामुळे पथ्यात आता पाणीही आलं आणि हरबाची कोमट पाण्याची अंघोळ वाढली.

मे महिन्यात इथे गवत न कापण्याची मोहीम असते, प्लँटलाइफ नावाची संस्था चालवते. आमचं अंगण बारा महिने तसंच. शेजाऱ्यांना वाटतं आम्ही मोहिमेचे फार निष्ठावान कार्यकर्ते आहोत. मी काही सांगत नाही. फक्त मला रस्त्याकडेचा पाला तोडता येत नाही, औषध मारलेलं असतं आणि कुत्री फिरतात.

खरा पेच दिवाळीत होतो. नोव्हेंबरच्या मध्यावर हरबाला थंडीची झोप लागते, आणि त्याआधी तीन-चार आठवडे त्याला काहीही खायला द्यायचं नसतं. पोट रिकामं झालं पाहिजे, नाहीतर थंडीत अन्न आत सडतं. फक्त पाणी आणि अंघोळ. म्हणजे घरात चकल्या तळल्या जात असतात, चिवड्याच्या फोडणीचा ठसका उठलेला असतो, आणि हरबाचा कडकडीत उपास. "सणासुदीला कुणी उपाशी ठेवतं का गं?" हे आई दरवर्षी फोनवर विचारते. मी सांगते, अगं, त्याला अभ्यंगस्नान आहे ना रोज.

झोपतो तो गॅरेजमधल्या जुन्या फ्रिजमध्ये. इथे पुष्कळजण असंच करतात, कारण बाहेरची थंडी एक दिवस उणे तर दुसऱ्या दिवशी बारा अंश, आणि त्याला पाचाच्या आसपास स्थिर लागते. हवा बदलावी म्हणून दर दोन-तीन दिवसांनी दार उघडायचं. दारावर मराठीत आणि इंग्रजीत सूचना लावली आहे, तरी गेल्या वर्षी दिवाळीला आलेल्या पाहुण्यांपैकी कुणीतरी बासुंदीचं पातेलं त्यात नेऊन ठेवलंच. हरबा तेव्हा अजून बाहेर होता. बासुंदी मात्र उत्तम जमली.