दादरची फुले, सांगलीचा मसाला

सांगलीहून रात्रीच्या बसने निघून पहाटे पाचच्या सुमारास मी दादरला उतरलो. मुदत संपत आलेली आमच्या मसाल्याची १४० पाकिटे परत घेऊन जा, असा एका दुकानदाराचा निरोप होता आणि दुकान उघडायला अजून पाच तास होते. त्यामुळे चहा घेऊन मी स्थानकाच्या पश्चिमेला लागूनच असलेल्या फुलबाजारात शिरलो.

पायाखालची जमीन ओली होती, झेंडूच्या गोण्या रस्त्यावरच उघडल्या जात होत्या आणि ‘बाजू, बाजू’ म्हणत डोक्यावर ओझे घेतलेले हमाल गर्दी कापत जात होते. एका मावशींच्या शेजारी मी टेकलो आणि जवळजवळ तीन तास तिथेच राहिलो. साडेपाचला त्यांचा झेंडू ८० रुपये किलो होता आणि घासाघीस करणाऱ्याकडे त्या पाहतही नव्हत्या. सातला तो ६० झाला, आठनंतर ४०, आणि वर न मागता एक ओंजळ. तुटलेली फुले त्यांनी पहिल्यापासूनच वेगळ्या पाटीत टाकली होती. ती सजावटवाला एकरकमी घेऊन गेला. एवढ्या लवकर भाव का पाडलात, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “दादा, हा माल घरी नेला तर उद्या गाडीभाडंसुद्धा निघायचं नाही. शेवटच्या गोणीचं काय होणार, हे धरूनच पहाटेचा भाव सांगते मी.”

हे वाक्य मी मनातल्या मनात दोन-तीनदा घोळवले. पहाटेच्या ८० रुपयांत आठनंतरचा तोटा आधीच बसवलेला होता. माझ्या मसाल्याचा भाव मात्र मी प्रत्येक पाकीट पूर्ण किमतीला विकले जाणार असे गृहीत धरून काढत आलो होतो.

याचे मूळ आमच्या गावात असावे. सांगली हळदीची बाजारपेठ. जवळच्या हरिपुरात जमिनीखालच्या पेवांमध्ये हळद वर्षानुवर्षे साठवली जात असे आणि भाव चढला की बाहेर काढली जात असे. माल थांबतो, व्यापाऱ्यानेही थांबावे, हे आम्ही लहानपणापासून पाहिलेले आहे. परंतु पेवात राहते ते अख्खे हळकुंड. दळलेल्या मसाल्याचा वास पाकिटात बंद असला तरी हळूहळू उडतच असतो, आणि हे रोज हाताळूनही मी गोदामात मसाला हळकुंडासारखाच रचून ठेवत होतो. (वडील असते तर त्यांनी हे मान्य केले नसते.)

दुकानात भांडण झाले नाही. दुकानदाराने फळी दाखवली: दर खेपेला आलेली नवी पाकिटे पुढे लागत गेली आणि जुनी मागे सरकत राहिली. चूक त्याच्या पोऱ्याची म्हणावी, तर खोक्यावर आमचे नाव हातभर मोठे आणि तारीख कुठेच नाही. पाकिटावर ती होती, पण शिवणीजवळ, भिंगातून वाचावी इतकी बारीक.

दुपारी फोर्टात दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जायचे होते म्हणून चर्चगेटला उतरलो, तर बाहेर डबेवाल्यांची वर्गवारी चालली होती. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये सुरू केलेले हे काम आजही बहुतांशी मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या भागांतील माणसे करतात. डबा घरून निघाल्यापासून कचेरीत पोचेपर्यंत अनेक हात बदलतो, म्हणून त्याच्या झाकणावर रंगांत काढलेली मोजकी अक्षरे आणि आकडे असतात: तो कुठून निघाला, कुठे उतरवायचा, कोणती इमारत, कितवा मजला. डबा कोणाचा, हे वाटेतल्या कोणालाच नको असते, म्हणून ते लिहिलेलेही नसते. मी हातातल्या परत आलेल्या खोक्याकडे पाहिले. त्यावर गणपती होता, आमचे नाव होते, ‘अस्सल घरगुती चव’ होती.

रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून पत्नीला फोन केला आणि सांगितले की, यापुढे प्रत्येक महिन्याच्या खोक्याला वेगळ्या रंगाचा पट्टा मारायचा, म्हणजे मागची रांग लांबूनही ओळखू येईल. तिने विचारले, “बारा महिन्यांना बारा रंग आणणार कुठून?” माल नऊ महिन्यांचाच असतो, तेव्हा नऊ पुरतील, असे मी म्हणालो. कर्जतपर्यंत आमचे सात रंग ठरले. आठवा म्हणून तिने राणी रंग सुचवला आणि तो लाल पट्ट्याशेजारी ओळखू येईल का, यावर बोलत असतानाच घाटात फोन तुटला.