टिकली लावलेलं ताट

शुक्रवार, रात्रीचे साडेअकरा. पाऊस काय थांबत नाही.

लिहायचं नव्हतं खरं तर. पण झोप येत नाही आणि कानात एकच वाक्य अडकलंय, "टीचर, तुमी करून पळयलां?" म्हणजे, तुम्ही करून बघितलंय का?

फाइनमन ह्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाच्या बशीची गोष्ट मी दरवर्षी नववीला सांगते. सतरा वर्षं झाली. युद्ध संपलंय, अणुबॉम्बच्या कामातून सुटून हा अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकवायला आलाय, बायको त्याच १९४५ मध्ये टीबीने गेलीय, नवीन काही सुचत नाही, आपण संपलो असं वाटायला लागलंय. आणि एक दिवस कँटीनमध्ये कुणीतरी मस्ती करत बशी हवेत उडवतं, ती डुगडुगत वर जाते, तिच्यावरचं कॉर्नेलचं लाल चिन्ह गोल फिरताना ह्याला दिसतं, आणि हा बसून त्याचं गणित मांडतो. तिथलाच मोठा भौतिकशास्त्रज्ञ बेथे विचारतो, बरं, पण ह्याचं महत्त्व काय? काहीच नाही, मजा येते म्हणून. मग त्या खेळातूनच तो इलेक्ट्रॉनच्या जुन्या प्रश्नांकडे वळतो आणि पुढे १९६५ चं नोबेल. इथे मी दोन सेकंद थांबते आणि वर्गाकडे बघते. थांबायची जागासुद्धा ठरलेली आहे माझी, नाटकातल्यासारखी.

गोष्टीत एक आकडा येतो, दोनास एक. फाइनमनच्या आठवणींच्या पुस्तकात लिहिलंय तसं मी सांगते, चिन्ह दोनदा फिरतं तेव्हा बशी एकदा डुगडुगते. मंगळवारी तेच सांगितलं.

आज मधल्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या दारात. नववी ब, मागचा बाक, वर्षभरात दोन वाक्यं बोलली असेल माझ्याशी. मोबाईलला बंदी असताना बाबांचा मोबाईल दप्तरात लपवून आणलेला. त्यात व्हिडिओ, स्लो मोशनमध्ये, अंगणात स्टीलचं ताट उडवलंय आणि काठाजवळ आईची लाल टिकली चिकटवलीय. टिकली एक फेरी मारते तेवढ्यात ताट दोनदा डुगडुगतं. एकदा नाही, चार व्हिडिओ होते. "टीचर, उलटं जाता."

आणि मी काय म्हणाले? "नीट मोजलं नसशील. पुस्तकात तसंच आहे."

तेव्हा तिने विचारलं ते. उद्धटपणे नाही हो, अगदी खरंच माहीत करून घ्यायचं होतं तिला. मी मोबाईल आणल्याबद्दल रागावले आणि घंटा झाली.

घरी येऊन चहासुद्धा न घेता कागद घेतला. पाच ओळी लागल्या. सपाट चकती स्वतःच्या मधल्या आसाभोवती फिरवायची तर मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे फिरवायला होणारा विरोध, व्यासाभोवतीच्या दुप्पट, दोन तिथून येतो, आणि बशी थोडीशीच कललेली असेल तर डुगडुगणं फिरण्याच्या दुप्पट वेगाने होतं. पोरगी बरोबर. हे दुप्पटचं प्रकरण मी अकरावीच्या ट्यूशनला दरवर्षी फळ्यावर सोडवते, खाली डबल लाईन मारते. बशीची गोष्ट एका वहीत आणि हे दुसऱ्या वहीत, सतरा वर्षांत दोन वह्या एकमेकींना भेटल्याच नाहीत.

मग नेटवर बघितलं, तर फाइनमननेच ते उलटं सांगितलंय हे फिजिक्सवाल्यांनी केव्हाच दाखवून दिलंय. पुस्तक आलं १९८५ मध्ये, तेही मित्राशी मारलेल्या गप्पा टेप करून, म्हणजे घटनेला चाळीसेक वर्षं होत आलेली. विसरला असणार माणूस. हे वाचून आधी जरा बरं वाटलं, चला, चूक माझी नाही, वरूनच आलीय. पण पाचच मिनिटं. त्याने केलं होतं आणि मग विसरला. मी केलंच नव्हतं, आणि तरी पाठ होतं.

पुस्तक काढलं कपाटातून.

ब्राझीलचं प्रकरण उघडलं आणि आणखीच पंचाईत. १९५१-५२ च्या सुमारास हा रिओत शिकवत होता, पोर्तुगीजमधून. पोरांना प्रकाशाच्या ध्रुवीकरणाची, म्हणजे लहरी एकाच दिशेत डोलण्याची, व्याख्या, ते ज्या कोनात परावर्तन झाल्यावर पूर्ण होतं तो ब्रूस्टरचा कोन, सगळं घडाघडा पाठ. पण खिडकीबाहेरच्या समुद्राकडे पोलरॉइडमधून, म्हणजे एकाच दिशेत डोलणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या पट्टीतून, बघा म्हटल्यावर सगळे गार. 'अपवर्तनांक असलेलं माध्यम', म्हणजे प्रकाश वाकवणारा पदार्थ, म्हणजेच हे समोरचं पाणी, हे कुणाच्या डोक्यातच नाही. पोलरॉइड फिरवून बघितलं, पाण्यावरची चमक कमीजास्त झाली, तेव्हा सगळे ओहो आहा. मी कॉलेजात असताना पणजीच्या बसमध्ये हे वाचून मोठ्याने हसले होते. बस मांडवीच्या पुलावरून चालली होती. खाली एवढं पाणी, पर्समध्ये पोलराइज्ड गॉगल, आणि मी हसतेय ब्राझीलच्या पोरांना! काजू तिकडून आला इकडे गोव्यात, तसंच हे पाठांतरही त्याच गलबतातून आलं असावं. नाहीतर आपलं स्वतःचं होतंच म्हणा, उगाच पोर्तुगीजांना कशाला बोल.

वाईट कशाचं वाटतंय ते कळत नाहीये. चुकीचा आकडा सांगितला ह्याचं नाही फारसं, दहावीच्या पेपरात ते येत नाही. मला वाटायचं की ह्या माणसाच्या लिहिण्यामुळे मी शिक्षिका झाले, सगळ्यांना सांगतही असते तसं. आणि त्याच्या लिहिण्यातली एकच गोष्ट घ्यायची होती, उठून बघ. ती सोडून बाकी सगळं घेतलं. विनोद घेतले, थांबायच्या जागा घेतल्या.

 

साडेदहाला सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात गेले. मांडणीवरचं जुनं ताट घेतलं, टिकलीचं पाकीट घेतलं, मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला. पहिल्याच फेकीत ताट सरळ फ्रिजच्या दारावर. आतून सासूबाई, "कितें पडलें गो?" "मांजर, आई." आमच्याकडे मांजर नाही. त्यांनीही पुढे विचारलं नाही, म्हणजे उद्या विचारतील.

हा माणूस रिओच्या कार्निव्हलला सांबाच्या टोळीत फ्रिजिदेरा वाजवायचा, म्हणजे छोटासा तवाच, धातूच्या काडीने. त्याच्या घरच्यांना झोप कशी लागायची कोण जाणे.

सात वेळा फेकलं. तीनदा टिकली कॅमेऱ्यात दिसलीच नाही, एकदा अडीच आलं, ते कसं आलं देवाला ठाऊक. पण उरलेल्या तिन्ही वेळा, हळू करून, बोटाने थांबवत थांबवत बघितलं. एक फेरी, दोन डुगडुग. कागदावर आलं होतंच की, तरी मी ओट्याशी उभी राहून एकटीच हसत होते, त्रेचाळीस वर्षांची बाई, केसात पीठ.

उद्या शनिवार, अर्धी शाळा. नववी ब चा तास तिसरा. व्हिडिओ तिला एकटीला दाखवायचा की सगळ्या वर्गाला, आणि "नीट मोजलं नसशील" त्याचं काय करायचं, सगळ्यांसमोर सॉरी म्हटलं तर ती बिचारी बाकाखाली जाईल लाजून. बघू. मोबाईल मलाच लपवून न्यावा लागणार बहुतेक.

ताट धुवून ठेवताना बघितलं तर काठाला चांगलाच पोचा आलाय. पालथं केलं, तर मागे सासूबाईंचं माहेरचं नाव कोरलेलं.

मांजर आता आणावंच लागेल.